दोन सुताची पाटी

पाचवी पाटी सोमवारी सकाळी तडकली. आवाज असा काही झालाच नाही. कानिफनाथ पितळी कड्याचा तिसरा स्क्रू बसवत होता, दोन वेढे सुरळीत गेले, तिसऱ्याला त्यानं किंचित जोर लावला आणि मधल्या गोल भोकापासून वरच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ सरळ धावत गेली. त्यानं पाटी खिडकीसमोर धरली. रेघेतून उजेड आला. कॅमेऱ्याच्या तोंडाशी ही चार इंची लाकडी पाटी बसते, तिच्या भोकात भिंग बसतं, आणि तिला जगात काम एकच: भिंगातून येईल तेवढा उजेड आत सोडायचा, बाकीचा अडवायचा. तेवढं एक काम करायला हिनं नकार दिला होता. कानिफनाथनं पाटी टेबलावर ठेवली, तिच्या शेजारी स्क्रू-ड्रायव्हर अगदी हळू ठेवला, आणि मग दोन्ही उचलून कोपऱ्यात भिरकावले. पाटीचे दोन तुकडे झाले. बरं वाटावं म्हणून फेकली होती, वाटलं नाही.

हे सगळं बुधवारपासून चाललेलं. बुधवारी दुपारी स्टुडिओ झाडताना त्याचाच पाय तिपाईत अडकला आणि मोठा हाफ-प्लेट कॅमेरा तोंडावर आपटला. भिंगाला ओरखडा नाही, भात्याला भोक नाही, सांगाडा जिथल्या तिथं. फुटली ती फक्त पुढची विलायती पाटी, आणि तीही अशी की फेविकॉलनंही हात जोडावेत. नवी मागवायची तर कुठून? कॅमेरा बनवणारी कंपनी कानिफनाथच्या जन्माआधीच बुडालेली. मग घरीच करू म्हणाला. चार बोटांची पाटी, तिला काय लागतंय! पहिली केली चहाच्या खोक्याच्या प्लायची. भोक पाडताना तिचे पापुद्रे सुटले. दुसरी केली सामानाच्या पेटीच्या देवदाराची. ती करवतीखालीच उभी फाटली. तिसरीचं भोक मोठं झालं, कागदाच्या पट्ट्या कोंबून कडं बसवलं तर भिंग म्हाताऱ्यासारखं मान हलवायला लागलं. चौथी जमली. जमली म्हणून शनिवारी त्यानं बायकोला अंगणात उभं केलं, काळ्या कापडात डोकं घातलं, एक अख्खी फिल्म उडवली, आणि अंधाऱ्या खोलीत ट्रे हलवता हलवता बघतो तो बायकोच्या डोक्यापासून खांद्यापर्यंत पांढरं धुकं. लाकूड ओलं होतं. सकाळी सरळ असलेली पाटी दुपारच्या उन्हात वाकली होती आणि वरच्या फटीतून उजेड बिनदिक्कत आत आला होता.

आणि उद्या मंगळवार. उद्या सकाळी आठला मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गाचा ग्रुप फोटो. तेरा वर्षं तो फोटो कानिफनाथ काढत आलाय. पायऱ्यांवर तीन रांगा, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध हेडमास्तर आप्पासाहेब, हातात वर्गाचं नाव लिहिलेली पाटी धरलेली एक पोरगी जमिनीवर. गेल्या वर्षी फिल्म जुनी निघाली आणि डाव्या अंगाच्या चार मुली फिकट आल्या. आप्पासाहेब तेव्हा काही बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र म्हणाले, “यंदा तसं नको हं, कानिफराव. पालक विचारतात. समोरचा तो नवा मुलगा म्हणत होता, एकाच्या जागी बारा काढून दाखवतो.” नवा मुलगा म्हणजे रस्त्यापलीकडचा रोलफिल्मवाला. गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतो, लोकांना हसा म्हणतो. शाळा तिकडे गेली की तिच्या मागं दुसरी जाणार, तालमीचे पैलवान जाणार, सोसायटीचे संचालक जाणार. मग ह्या कॅमेऱ्यावर कुंडी ठेवायची आणि रोज तिला पाणी घालायचं.

“अहो, मी काय म्हणते,” मुक्ताबाई दारातून म्हणाली. तिच्या हातात कालच्या उपासाची भांडी होती. “थोरल्या भावजींकडं का जात नाही? घरात सुतार असताना माणूस पाच दिवस लाकूड कुरतडत बसतो का?”

“घरात?”

“राहुरी काय अमेरिकेत आहे का?”

“तुला कळायचं नाही.”

“मला नाही कळायचं. मला शनिवारी उन्हात तासभर उभं केलंत आणि भुताचा फोटो काढलात, तेवढं कळलं.”

तिला कळत होतं, हीच अडचण होती. बाप जाऊन चौदा वर्षं झाली. बाप राहुरीचा सुतार, आजा राहुरीचा सुतार. दोन पोरं, त्यातल्या एकानं, जालिंदरनं, दहाव्या वर्षी करवत धरली आणि दुसऱ्यानं धरलीच नाही. कानिफनाथला भुश्शाचा वास सोसायचा नाही. नाक चोंदायचं, डोळे लाल व्हायचे, आणि बाप म्हणायचा, असू दे, त्याला दुसरं काहीतरी बघू. दुसरं काहीतरी म्हणजे नगरला एका फोटोवाल्याकडे ट्रे धुणं. बाप गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हत्यारांची वाटणी झाली. जमीन नव्हतीच, हत्यारंच इस्टेट. मोठी करवत, मोठा रंधा, वाकस जालिंदरकडे. लहान रंधा, गिरमिट, तीन पटाश्या आणि गुण्या कानिफनाथकडे. त्याला ती नको होती. पण जालिंदरनं पोत्यात बांधून हातात दिली, म्हणाला, बापाचं हाय, निम्मं तुझं. कानिफनाथनं ते पोतं नगरच्या जुन्या बाजारात विकलं आणि त्यात तीन ट्रे आणि काळं कापड घेतलं. स्टुडिओ तेव्हा नुकताच उघडत होता. चुकलं, असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. पुढं सहा महिन्यांनी राहुरीच्या आठवडे बाजारात एका भंगारवाल्याच्या गोणपाटावर जालिंदरला तो लहान रंधा दिसला. बापाचा तळवा घासून घासून त्याच्या मुठीला एक खळगा पडला होता, त्यावरून ओळखला. विकत घेऊन घरी आणला. हे कानिफनाथला जालिंदरनं सांगितलं नाही, चांगुणावहिनीनं सांगितलं. सांगितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. जालिंदरनं फक्त एवढं केलं की चौदा वर्षांत तो एकदाही स्टुडिओत आला नाही, आणि दिवाळीला भेटला की पाऊसपाण्याचं विचारायला लागला.

नऊच्या गाडीसाठी कानिफनाथ निघाला. पिशवीत रुमालात गुंडाळलेलं भिंग, पितळी कडं, स्क्रूची पुडी, आणि नमुन्याला मूळच्या पाटीचे तुकडे. आपण जातोय हे त्यानं मुक्ताबाईला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. भाकरी मात्र बांधून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याचं दुकान बंद दिसलं आणि त्याला उगीचच संताप आला. शुक्रवारी तो ह्याच्याकडेही गेला होता. सुतारानं पाटी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “तुम्ही राहुरीच्या जालिंदर मिस्त्रीचे बंधू ना? मग आमच्याकडं कशाला?” हे विचारताना तो हसला होता. त्याच्या हसण्यात वावगं काही नव्हतं. पण कानिफनाथ पाटीचे तुकडे घेऊन उलट पावली आला आणि रात्रभर त्या हसण्याला उत्तरं देत पडून राहिला. आता सोमवारी सकाळी नऊ वाजता ह्या माणसाचं दुकान बंद! पुढं लोहाराचाही भाता थंड. ह्या गावात कामाची लाजच उरली नाही कुणाला, असं तो मनातल्या मनात म्हणाला आणि एस.टी. स्टँडकडे वळला.

गाडीत खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघवेना. कड्याचं माप मिलिमीटरात, त्याची टेप इंचात, आणि डोक्यात मात्र अजून सूत. इंचाचे आठ सूत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बापाच्या तोंडून ऐकून ऐकून अंगाला लागलं होतं. फोटो धुताना पाण्याची खोली तो सुतात मोजायचा, मुक्ताबाईच्या नाकातली चमकी पाहिली तेव्हा अर्धा सूत असेल असं मनात आलं होतं. हे तो कुणाला सांगत नसे. फोटोवाल्यानं सुतात मोजणं बरं दिसत नाही. पाटीची जाडी दोन सूत पाहिजे, ना कमी ना जास्त. जास्त झाली तर कॅमेऱ्याच्या खाचेत जात नाही, कमी झाली तर खुळखुळते. एवढं सगळं कळतं आणि हाताला मात्र येत नाही, ह्याचा त्याला राग होता. राग कुणावर धरायचा तेही कळत नव्हतं. काळ्या कापडाखाली तो राजा असतो. तिथं घासलेल्या काचेवर जग उलटं पडतं, पोरी डोक्यावर उभ्या असतात, आणि हा आतून हुकूम सोडतो, हलू नका, दुसऱ्या रांगेतल्या बाई, हनुवटी खाली. सगळी शाळा श्वास रोखते. तेरा वर्षं रोखत आली. आणि त्या सगळ्याच्या पुढं एक चार इंची लाकडाचा तुकडा लागतो, तो करायला त्याच्या घराण्यात तो सोडून सगळ्यांना येतं.

खरं तर दादानं बोलावं असं त्याला काय वाटत होतं? लहानपणी त्यानं एखादा खिळा वाकडा ठोकला की जालिंदर कंटाळून म्हणायचा, “आण हिकडं.” आणि हातातली हातोडी काढून घ्यायचा. तेव्हा कानिफनाथला अपमान वाटे. आता एस.टी.त बसल्या बसल्या त्याला वाटलं, दादानं एवढंच म्हणावं. आण हिकडं. बाकी काही बोलू नये. चौदा वर्षांचं सगळं त्यात येईल. एक चाळिशी उलटलेला माणूस एवढ्यासाठी तिकीट काढून निघालाय, हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली, आणि शेजारच्या टोपलीवालीची कोंबडी त्याच्या पायावर चोच मारत होती तिला त्यानं उगाच लाथ हाणली.

जालिंदरची शेड रस्त्याला लागून होती. एरवी लांबूनच ठोक ठोक ऐकू यायची. आज शांत. अंगण सारवलेलं, भुस्सा झाडून एका कडेला केलेला. आत बाकावर सगळी हत्यारं धुऊन, तेलाचा हात लावून ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट, झेंडूची पाकळी. उदबत्ती विझून गेली होती तरी वास होता. कानिफनाथ उंबऱ्यातच थांबला. आज अमावस्या होती. काल शिवरात्र झाली, काल त्यानं स्वतः दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, रताळी खाल्ली, आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या असते हे सुताराच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. अमावस्येला सुतार हत्याराला शिवत नाही. फर्निचरवाल्याचं दुकान का बंद होतं ते त्याला आत्ता कळलं. त्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं, पण जालिंदर खाटेवरून त्याच्याकडेच बघत होता.

“ये,” जालिंदर म्हणाला. तो आता पन्नाशीचा, केस पांढरे, हात मात्र अजून तसेच. “आज हिकडं कशी वाट वाकडी केली? बरं हाय ना समदं? पान्याचं कसं काय नगरला?”

“दादा, एक काम होतं.”

चांगुणावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. कानिफनाथनं पाणी प्यायल्याबरोबर रुमाल सोडला आणि भिंग, कडं, तुकडे खाटेवर मांडले. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. पाच दिवस, पाच पाट्या, उद्या आठ वाजता. जालिंदर वाकून तुकडे बघत राहिला, बोट न लावता.

“उंद्या करून देतो,” तो म्हणाला. “दिस उगवायच्या आंधी बसतो.”

“उद्या आठला तिथं फोटो आहे, दादा. पाटी झाल्यावर आतून काळ्या रंगाचा हात द्यावा लागतो, तो वाळायला चार-पाच तास. आजच पाहिजे.”

“आज अमावस्या हाय.”

“माहीत आहे.” इथं येईपर्यंत माहीत नव्हतं हे जालिंदरला दिसत होतं आणि तो काही म्हणाला नाही, हे जास्त लागलं.

रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली, तिचं चाक कुरकुरत होतं. जालिंदरनं मान वर करून ते ऐकलं, आणि कानिफनाथला वाटलं, ह्याला चाकाची पडलीय. मग जालिंदर म्हणाला, “तूच कर की.”

“मी?”

“आमाला चालत न्हाई. तुला काय हाय? तू थोडाच सुतार हायेस.”

त्याच्या बोलण्यात कुसकट काही नव्हतं. गाडीची वेळ सांगावी तसं त्यानं ते सांगितलं. चांगुणावहिनी मात्र “अवं, पुजलेली हत्यारं हायती,” असं काहीतरी पुटपुटली, त्यावर तो म्हणाला, “ज्याला पाळनूक हाय त्याला हाय. ह्यो फोटोवाला हाय. ह्याला दोस न्हाई.” वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कानिफनाथला वाटलं, नाही म्हणून उठावं, पिशवी उचलावी, चालू लागावं. मग उद्या सकाळी शाळेच्या पायऱ्यांसमोर तो रोलफिल्मवाला. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिलं बोट लागल्याबरोबर लहान करवतीवरचं कुंकू त्याच्या अंगठ्याला आलं.

“त्या कोपऱ्यात सागाचं तुकडं हायती,” जालिंदर खाटेवरून हनुवटीनं दाखवत म्हणाला. “ती न्हाई. शेजारची फळी. लई वरसं वाळलीय ती, आता हलायची न्हाई.” लाकडालाही आज तो हात लावणार नव्हता. गुण्या लावून कानिफनाथनं चौकोन आखला. करवत लावली. “रेघ खाऊ नगं. रेघ ठिव, मंग रंध्यानं काढ. आन् शिवास कशाला कोंडतोयस? पान्यात बुडतोयस का?” कानिफनाथनं श्वास सोडला. ह्या माणसानं हे पाच दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर? पण पाच दिवसांपूर्वी विचारायला कोण आलं होतं! प्रत्येक सूचना इतकी साधी होती की त्याला ओरडावंसं वाटत होतं. एवढंच होतं? एवढ्यासाठी पाच पाट्या गेल्या?

मग त्यानं रंधा उचलला आणि तळवा बरोबर एका खळग्यात बसला. बापाचा तळवा त्याच्यापेक्षा रुंद असावा. कडेला थोडी जागा उरली. त्यानं जालिंदरकडे बघितलं नाही. जालिंदर काही बोलेल म्हणून क्षणभर थांबला, पण जालिंदर गुडघ्यावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होता. तो हात मात्र नुसता नव्हता. बोटं हळूहळू पुढंमागं सरकत होती, हवेतच रंधा धरल्यासारखी. कानिफनाथनं लाकडावर रंधा सोडला. पहिल्या झटक्याला पातळ वेलांटी निघाली, दुसऱ्याला रंधा अडखळला, खरखरला, लाकडाचा एक टवका उडाला, आणि जालिंदर खाटेवरून अर्धा उठला. त्याचा हात पुढं आला. कानिफनाथनं ताबडतोब रंधा त्याच्यासमोर धरला. घे. म्हण की. जालिंदरनं त्या रंध्याकडे बघितलं, स्वतःच्या पुढं आलेल्या हाताकडे बघितलं, आणि तो हात काखेत दाबून परत खाली बसला. “उलटं धर लाकूड,” तो जड आवाजात म्हणाला. “नस बघ कुनीकडं चाललीय. नसंच्या संगं जायाचं, इरुद न्हाई.”

कानिफनाथनं लाकूड उलटं धरलं. त्यानंतर त्याला वेळेचं भान राहिलं नाही. चार कडा निघाल्या. मागच्या बाजूनं कडेनं पटाशीनं एक सूत खोल पायरी काढली, म्हणजे उजेडाला आत शिरताना कोपऱ्यावर वळावं लागेल. नाक चोंदलं, डोळ्यांना पाणी आलं, भुश्शाचा तोच जुना वास; आज त्याला शिंक आली नाही. मधोमध परकारानं गोल आखला, गिरमिटानं आतून भोकांची माळ पाडली, बारीक करवतीनं मधला तुकडा सोडवला, आणि अर्धगोल कानशीनं तो गोल घासत बसला. घास, कडं लावून बघ, घास. खाटेवरून आता सूचना येत नव्हत्या. स्क्रूच्या वेळेला मात्र एक आली: “आंधी बारीक भोक पाड. तेलाचं बोट लाव. मंग पीळ. लाकडाला जागा दिली तर ते फाटंल कशाला?” पाचवी पाटी कशानं गेली ते त्याला तेव्हा कळलं, आणि तिच्यावर काढलेल्या रागाची त्याला जरा लाज वाटली.

तीन स्क्रू बसले. भिंग कड्यात फिरलं आणि शेवटच्या आट्याला आपसूक थांबलं. कानिफनाथनं पाटी दारातल्या उन्हाकडे धरली, भिंगावर हात ठेवला, आणि तिच्यामागं डोळा नेला. कुठूनही उजेड नाही. कडेनं नाही, कड्यातून नाही. अंधार. असला सुरेख अंधार त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. “दादा!” तो ओरडलाच. “दादा, जमलं की रे!” पंधरा-वीस वर्षांत त्यानं दादाला अरे म्हटलं नव्हतं.

जालिंदरनं हात पुढं केला. झालेल्या कामाला हात लावायला हरकत नसावी. त्यानं पाटी घेतली, चारही कडांवरून अंगठा फिरवला, पायरीत नख घालून बघितलं, आडवी धरून एका डोळ्यानं तिची सपाटी पाहिली. चांगुणावहिनीही पुढं येऊन वाकून बघायला लागली. कानिफनाथ पेपर तपासून घेणाऱ्या पोराच्या अधीरतेनं उभा होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

“दोन सूत,” जालिंदर म्हणाला. “बराबर दोन सूत हाय.” मग पाटी पुन्हा एकदा उलटी करून, अगदी सावकाश, “ह्ये सुताराचं काम हाय.”

कानिफनाथच्या ध्यानात आलं, आपण ह्यासाठीच आलो होतो. उद्याच्या फोटोसाठी आलो असं आपण बायकोला, स्वतःला, आप्पासाहेबांना सांगत होतो, पण ह्यासाठी आलो होतो. त्यानं खाली बघितलं. जमिनीवर त्याच्या पायाशी त्यानं काढलेल्या पातळ वेलांट्यांचा ढीग होता. वर बघितलं तेव्हा जालिंदरचा चेहरा बदलला होता. तो बाकाकडे बघत होता. हत्यारं अस्ताव्यस्त पडली होती, हळदीकुंकू फिसकटलं होतं, झेंडूच्या पाकळ्या भुश्शात मिसळल्या होत्या.

“मंग अवघड झालं, कान्या,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“तुला हत्यार दिलं, ते तू सुतार न्हाईस म्हनून दिलं. ह्या घरात अमावस्येला हत्यार चाललं न्हाई कदी. आज्ज्याच्या वक्ताला न्हाई, बापाच्या न्हाई. कुनाच्या तिरडीला बांबू तोडायचा हुता, तवाबी न्हाई.” त्यानं पाटी अजून हातातच धरली होती. “आन् आज म्या चालवून घेतलं. असलं काम सुताराबिगर हुत न्हाई. मंग आता तूच सांग. तू कोन हायेस?”

तो रागावला नव्हता. त्यानं रागवावं असं कानिफनाथला मनापासून वाटलं. जालिंदर घाबरला होता. आयुष्यभर पाळलेली एक गोष्ट आपल्या हातून, आपल्याच तोंडानं दिलेल्या परवानगीनं मोडली की काय, हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला जगात दुसरं कुणी नव्हतं. चांगुणावहिनीनं तोंडाला पदर लावला होता. तिची दोन नातवंडं आत झोपली होती; तिच्या डोळ्यांत तीच दिसत होती. कानिफनाथच्या जिभेवर शब्द तयार होता. मी सुतार आहे, दादा. तुझ्याच बापाचा पोरगा. भुश्शानं मला आज शिंकही आली नाही, बघितलंस ना? सुतात मोजतो मी सगळं, तुला ठाऊक नाही, माझी बायकोसुद्धा मी सुतात पाहिली. एक वाक्य, आणि चौदा वर्षं पुसून जातील. आणि हा माणूस मात्र आजपासून दर अमावस्येला ह्या बाकासमोर बसून घरात कुणी खोकलं तरी दचकेल. एवढा वेळ राबून जे मिळालं ते मिळून एक मिनिटही झालं नव्हतं. हे असंच का होतं आपल्या बाबतीत? त्याला भयंकर चीड आली, दादाची, अमावस्येची, पाटीची, आणि सगळ्यात जास्त ह्या गोष्टीची की उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे.

“मी कुठला सुतार, दादा,” तो म्हणाला. “फोटोवाला मी.”

“पक्कं?”

“पक्कं. पोरींचे फोटो काढतो. हत्यारं इकून खाल्ली मी.”

जालिंदरनं मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला. त्यानं पाटी धोतराच्या सोग्यानं पुसली, रुमालात नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी कानिफनाथला दिली.

“मंग काय बी बिघडलं न्हाई,” तो म्हणाला, आणि चांगुणावहिनीकडे वळून, “अगं, बघत काय हुबी ऱ्हायलीस? पाव्हन्याला वाढ.”